काळ्या शेपटीचं साळिंदर

संघरत्नाला साळिंदराची भीती वाटते, आणि साळिंदरांना खायला घालणं हीच तिची नोकरी आहे. हे ऐकून लोक हसतात. तीही त्यांच्याबरोबर हसते. पण पिंजऱ्याच्या कडीला हात घालताना तिच्या तळव्यांना घाम सुटतो तो सुटतोच.

ही भीती माहेरच्या, शेणवे गावातली. तिथल्या बुद्धवाडीत तिचं लहानपण गेलं. घरामागे रताळ्याचे वाफे होते आणि त्यांची राखण करायला वाघ्या नावाचा तांबडा कुत्रा होता. एका सकाळी वाघ्या ओटीवर येऊन कोसळला तेव्हा त्याच्या ओठांत, जिभेत, नाकाडावर काळेपांढरे काटे रुतले होते, विणायच्या सुयांएवढे. बापाने सांडशीने ते उपसायला घेतले. त्या वेळी कुत्र्याने जो आवाज काढला तो ऐकून लहानगी संघरत्ना कणगीमागे जाऊन बसली आणि दोन्ही कानांत बोटं घालून तिथेच राहिली. वाघ्या जगला नाही. पुढे शाळेतल्या पोरांनी तिला सांगितलं, साळू लांबूनच काटे फेकून मारते, बाणासारखे. ते तिला खरंच वाटलं. संध्याकाळी परसात जायचं झालं तरी ती आईचा पदर सोडत नसे.

लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या डोंगराखालच्या गावात आली. नवरा रूपेश मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला. सासू चंद्राबाई बोलायला फटकळ, पण सुनेच्या ताटात आधी वाढणारी. गावापासून जवळच एका संस्थेने जखमी आणि पोरक्या जनावरांसाठी केंद्र काढलं होतं. शाळांच्या सहली तिथे यायच्या, म्हणून आसपासची माणसं त्याला प्राणिसंग्रहालयच म्हणत. संघरत्ना तिथे भाज्या चिरायला लागली. गाजर, काकडी, भोपळा, मका. जनावराशी संबंध नाही, सावलीतलं काम. ती खुश होती. मग साळिंदरांकडे बघणारा माणूस काम सोडून गेला आणि मुकादम देवराम तिला म्हणाला, "उद्यापासून साळिंदरं तुज्याकडं."

नाही म्हणायची तिला भीती वाटली, म्हणून ती हो म्हणाली. तिच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या होत्या.

"घरात काटाबिटा आणू नको गो," चंद्राबाईने त्या दिवशी बजावलं. "साळूचा काटा घरात आला का भांडणं लागतात."

"आई, आपण असलं कुठं मानतो?"

"नायच मानत. तरी पण आणू नको."

केंद्रात आफ्रिकेतल्या साळिंदरांची एक जोडी होती, दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आलेली. त्या जोडीला इथेच एक मादी झाली होती. ती मोठी झाल्यावर तिला आईबापांपासून वेगळं, शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. तिच्या पलीकडे, मध्ये विटांची भिंत घालून, आणखी दोन साळिंदरं होती. ती इथलीच, डोंगरातली. एका कोरड्या विहिरीत पडलेली पिल्लं गावकऱ्यांनी आणून दिली होती. आता ती वाढली होती आणि त्यांना परत जंगलात सोडायचं ठरलं होतं.

संघरत्नाच्या लेखी ती तिन्ही तरुण साळिंदरं एकसारखीच. तेच काटे, डोक्यावर तोच राठ केसांचा तुरा, तेच मिशाळ तोंड. भिंतीच्या अलीकडचं ते परदेशी आणि पलीकडची ती आपली, एवढीच तिची ओळख. काटे फेकून मारतात ही खोटी गोष्ट आहे, हे डॉक्टर नम्रता मॅडमनी तिला नीट समजावून दिलं होतं. जनावर घाबरलं की पाय आपटतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं, आणि तरी समोरचा हटला नाही तर पाठमोरं होऊन अंगावर येतं. संघरत्नाला ते पटलं होतं. पण तो खुळखुळ आवाज आला की तिचे पाय आपोआप मागे सरत.

आश्विनात एका वादळी दुपारी ऐनाची मोठी फांदी मोडून त्या मधल्या भिंतीवर पडली. भिंत अर्धी ढासळली. इकडची तिकडे गेली, तिकडची इकडे आली, आणि गवंडी येईपर्यंत तिन्ही जनावरं एकाच बिळात ढीग करून झोपू लागली. नम्रता मॅडम बहिणीच्या लग्नासाठी गावी गेल्या होत्या. जनावरं सोडायचा दिवस मात्र वनखात्याशी आधीच ठरला होता. त्या सकाळी देवराम पिंजऱ्यासमोर दोन लाकडी पेट्या घेऊन उभा राहिला.

"यातली आपली दोन कुठली गं?"

संघरत्नाने आत पाहिलं. तिन्ही कोपऱ्यात तोंड घालून बसली होती. तिला ठाऊक नव्हतं. तोंडावर आलंही होतं, की मला नाय कळत. पण देवरामच्या कपाळावर आठी होती, बाहेर जीप चालू होती, आणि एवढे दिवस खायला घालून तुला ओळखता येत नाही का, असं तो म्हणेल या धास्तीने तिची जीभ टाळूला चिकटली.

"ही दोन," तिने बोट दाखवलं.

संध्याकाळी सिद्धगडच्या पायथ्याशी, रस्ता संपतो तिथून थोडं आत, पेट्या उघडल्या. वनरक्षक कमळू बरोबर होता. संघरत्ना जीपच्या दारामागे उभी राहून बघत होती. एक साळिंदर पेटीतून निघालं ते थेट करवंदीच्या जाळीत घुसलं. दुसरं पेटीच्या तोंडाशीच घुटमळत राहिलं. हवेत नाक वर करून हुंगलं, पुन्हा आत गेलं. कमळूने पेटीच्या मागच्या फळीवर काठी वाजवली.

"जात नाय की हे. जेवायला वाढा म्हणतंय," तो हसून म्हणाला.

शेवटी ते गेलं, पावलं मोजल्यासारखी टाकत. संघरत्नाच्या मनात काहीतरी टोचलं, पण काय ते तिला कळलं नाही. त्या रात्री ती शांत झोपली. दोन साळिंदरं कमी झाली होती, एवढाच आनंद.

नम्रता मॅडम परत आल्या त्या नवी कल्पना घेऊन. साळिंदरांच्या पिंजऱ्यांवर चांगल्या पाट्या लावायच्या, म्हणजे सहलीच्या मुलांना फरक कळेल. त्यांनी मोबाइलवर दोन फोटो उघडून संघरत्नाला जवळ बोलावलं.

"रत्नाताई, बघ. तुरा बघून भलेभले फसतात. मी पण शिकत होते तेव्हा फसायचे. तोंडाकडे बघायचंच नाही. मागून बघायचं. ही आफ्रिकेतली. शेपटीच्या वर, इथे पाठ संपते तिथले आखूड काटे बघ, काळे. आणि ही आपली. शेपटी कशी पांढरी दिसते? आपण कसे ओळखीच्या माणसाला पाठमोरं ओळखतो, तसं."

"काळी परदेशी. पांढरी आपली," संघरत्ना म्हणाली.

"बरोबर." मॅडमना फोन आला आणि त्या बोलत बोलत ऑफिसकडे गेल्या.

संघरत्ना मक्याची कणसं घेऊन उरलेल्या साळिंदराच्या पिंजऱ्याशी गेली. कणीस टाकल्याचा आवाज ऐकून ते बिळातून बाहेर आलं, कणीस तोंडात धरलं आणि परत वळलं.

शेपटी पांढरी होती.

तिला आधी वाटलं, ऊन पडलंय म्हणून तशी दिसते. ती बाजूला सरकली, वाकली. शेपटी पांढरीच. तिच्या कानांत भोंगा वाजायला लागला. उरलेलं हे आपलं होतं. म्हणजे इथे जन्मलेली, आयुष्यात कधी जंगल न पाहिलेली ती आफ्रिकेतली पोर सिद्धगडच्या रानात सोडली गेली होती, आणि ती सोडायला लावणारं बोट आपलं होतं.

त्या दिवशी भाजी चिरताना दोनदा बोट कापलं. केंद्राच्या फाटकाशी एक खाकी गाडी थांबली तेव्हा ती कोठारात शिरून पोत्यांमागे उभी राहिली. गाडी रस्ता विचारून निघून गेली तरी ती बराच वेळ बाहेर आली नाही. वन्यप्राण्यांच्या बाबतीत चूक झाली तर जेल होते, असं तिने ऐकलं होतं. कोणती चूक, किती मोठी, हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे ती चूक मनात वाढत वाढत डोंगराएवढी झाली होती.

घरी ताट समोर आलं तशी तिला रडू फुटलं. रूपेशने सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"गप बस तू. डोंगरात गेलेलं जनावर, कोण शोधायला जातंय? कुणाला कळत पण नाय."

"मला कळलंय ना."

"नोकरी जाईल रत्ना. केस झाली तर मी काय करू?"

चंद्राबाई चुलीजवळ बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "त्या मुक्या जनावराला तिकडं काय खायचं ते तरी माहीत हाय का?"

संघरत्ना त्या पेटीच्या तोंडाशी हवा हुंगणाऱ्या जनावराचा विचार करत होती. त्याला काय वाटलं असेल ते तिला पुरतं कळत होतं. घाबरलेलं कसं असतं, ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सकाळी ती ऑफिसच्या दाराशी गेली आणि आत न जाता उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मॅडम, चुकीचं सोडलं. मी दाखवलं ते चुकीचं होतं."

नम्रता मॅडमनी आधी जाऊन पिंजऱ्यात पाहिलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. देवराम संतापला. "तूच बोट दाखवलंस ना? ठाऊक नव्हतं तर तोंड शिवलेलं का तुजं?"

"भ्याले मी," संघरत्ना म्हणाली. "तुमाला भ्याले."

मॅडम म्हणाल्या, "मोठ्या जोडीच्या कातडीखाली ओळख पटवायची चिप आहे, हिला बसवायची मीच लांबणीवर टाकली. आता ते राहू द्या. ती जिवंत राहिली नाही तर वाईटच. आणि राहिली, इथल्या साळिंदरांत मिसळली, त्यांच्यापासून तिला पिल्लं झाली, तर त्याहून वाईट. कमळूला फोन लावा."

कमळूने वाड्यावाड्यांवर निरोप धाडले. दुपारी त्याचाच उलटा फोन आला. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत काशी नावाच्या बाईच्या गोठ्यात साळिंदर शिरलं होतं, आणि गडी काठ्या घेऊन जमले होते.

मॅडम आणि संघरत्ना पोचल्या तेव्हा वाडीभर कालवा चालला होता. कुत्री भुंकत होती, गोठ्याच्या दारात माणसांची दाटी होती. काशी म्हातारी आपली गाय धरून अंगणात उभी होती आणि गाईपेक्षा तीच जास्त कापत होती.

"माज्या वासराला मारंल गो ती," ती संघरत्नाचा हात धरून म्हणाली. "वासरू आत राहिलंय."

"मारू आन् खाऊ, झालं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. कमळू त्याच्याकडे वळला. "खाऊन बघ. मग वासराच्या जागी तूच बांधला जाशील." तो आणि नम्रता मॅडम माणसांना आणि कुत्र्यांना मागे सारायला लागले. पण आत कोणतं साळिंदर आहे हे बघितल्याशिवाय पुढचं ठरवता येत नव्हतं. परदेशी असेल तर पेटीत घालायचं, इथलं असेल तर मागची वाट मोकळी करून रानाकडे जाऊ द्यायचं. दार अरुंद होतं. आत एकालाच जाता येणार होतं.

"मी जाते," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी पाठ फिरवली की गर्दी पुन्हा पुढे सरकत होती.

"आपल्या पिंजऱ्यातली असेल तर मला ओळखंल," संघरत्ना म्हणाली. हे वाक्य आपणच बोललो का, असं तिला वाटलं. तिने जीपमधली फळी घेतली, गुडघ्यापुढे धरली आणि वाकून आत शिरली.

आत अंधूक होतं. शेणाचा आणि पेंढ्याचा वास. वासरू एका कोपऱ्यात दाव्याला ताणून उभं होतं. दुसऱ्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या ढिगाशी, काहीतरी फुगलं. मग तो आवाज आला. खुळखुळ, आणि पाय आपटल्याची धपधप. वाघ्याचं तोंड तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसलं. मागे वळावं, दार दोन पावलांवर आहे, असं सगळं अंग सांगत होतं. ती वळली नाही ती शूर होती म्हणून नव्हे. तिचे पाय हलतच नव्हते.

साळिंदर फिरलं. पाठ तिच्याकडे झाली. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात शेपटी आली.

"पांढरी!" ती किंचाळली. "मॅडम, पांढरी हाय! ही इथली हाय, हिला जाऊ द्या!"

किंचाळीने जनावर बिथरलं आणि उलट्या पावली तिच्यावर धावून आलं. फळीवर धाडकन आदळलं. फळीच्या खालच्या फटीतून पोटरीत काहीतरी तापलेल्या सळईसारखं शिरलं. ती खाली बसली. तेवढ्यात कमळूने मागची कुडाची भिंत उचकटली, भगदाडातून उजेड आत आला आणि साळिंदर त्या उजेडातून बाहेर पडून निवडुंगाच्या कुंपणापलीकडे नाहीसं झालं. ते विहिरीतून काढलेल्या दोघांपैकी एक होतं की जन्मापासून रानातलंच, हे कुणालाच सांगता आलं नाही.

मॅडमनी तिथेच अंगणात काटा उपसला, जखम धुतली आणि मुरबाडला दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यायला लावलं. काशीने आपल्या लुगड्याचं धडपं फाडून दिलं होतं, ते अजून पोटरीला बांधलेलं होतं. "तू भित नाय गो बाय," निघताना म्हातारी म्हणाली होती. संघरत्नाला तिला खरं सांगायचं होतं, पण दात वाजत होते म्हणून बोलता आलं नाही.

हरवलेली मादी अजून सापडली नव्हती. दुसऱ्या दिवशी रूपेशने कामावर खाडा केला. बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून तो स्वतः तिला पायथ्याशी घेऊन गेला. खड्डा आला की गाडी हळू करत होता.

पेट्या उघडल्या होत्या तिथून ते दोघं, मॅडम आणि कमळू असे चौघं माग काढत निघाले. रानात खोल कुठेच माग नव्हता. उलट तो रस्त्याकडेच परत येत होता. थोड्या अंतरावर रस्त्याखालून ओढ्याची मोरी गेली होती, सिमेंटच्या नळाची. तिच्या तोंडाशी कुरतडलेल्या फांद्या पडल्या होत्या. साल ओरबाडलेली, अर्धवट टाकलेली. खायला येत नसलेल्यानं खाऊन बघितल्यासारखी.

मॅडमनी पलीकडून बॅटरी मारली. आत दोन डोळे चमकले. कमळू जाळं घेऊन पुढे झाला तशी आतून खुळखुळ सुरू झाली आणि थांबेचना. संघरत्ना तो आवाज ऐकून पुन्हा मागे सरली, पण या खेपेला तिला त्यात वेगळंच काही ऐकू आलं. असं अंग थरथरतं तेव्हा आपले दातही असेच वाजतात.

"जाळं नको," ती म्हणाली. "पेटी ठेवा, आन् सगळे मागं व्हा."

पेटीत रताळी टाकून ती मोरीच्या तोंडाशी, दुखरा पाय लांब करून बसली. ऊन चढत गेलं. ती हळूहळू बोलत राहिली, पिंजरा झाडताना स्वतःच्या धीरासाठी बोलायची तसंच काहीबाही: आज मका नाय, भोपळा आणायचाय, सासूचं गुडघं दुखतंय. खुळखुळ कमी झाली. नाक बाहेर आलं, मग तोंड. जनावर सुकलं होतं, एक कान फाटला होता, एका पंजाला सूज होती. संघरत्नापासून हातभर अंतरावर ते थबकलं. तिने श्वास रोखला. ते तिला ओलांडून पेटीत शिरलं आणि रताळ्याकडे वळलं, तेव्हा त्याची मागची बाजू उन्हात आली.

काळी कुळकुळीत.

रूपेशने पेटीचं झाकण पाडलं. संघरत्ना तिथेच बसून ढसाढसा रडली आणि कमळूने, काय करावं ते न कळून, तिला पाण्याची बाटली दिली.

पुढे चौकशी झाली. वनखात्याचे साहेब आले, मॅडमना आणि देवरामला बरंच विचारून गेले. संघरत्नालाही विचारलं. तिने जसं घडलं तसं सांगितलं. कित्येक दिवस रस्त्याला जीपचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून कान देई. तिला न्यायला कुणी आलं नाही. देवराम महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग एक दिवस त्याने नव्या आलेल्या घोरपडीकडे बोट करून विचारलं, "नर का मादी गं?" आणि ती "नाय माहीत" म्हणाली, तेव्हा तो "मलाबी नाय," म्हणून मॅडमना बोलवायला गेला.

मादीचा पंजा बरा झाला. तिला चिप बसवली. उरलेलं पांढऱ्या शेपटीचं साळिंदर थंडीत डोंगरात सोडलं, आणि त्या वेळी तिघांनी तीनदा मागून वाकून बघितलं.

संघरत्नाची पोटरी बरेच दिवस ठणकत होती. मॅडमनी तिला हरणांकडे बदली देऊ केली. तिने हरणांच्या कुंपणापाशी जाऊन थोडा वेळ पाहिलं. एक नर मान खाली घालून शिंगं झाडाच्या खोडावर घासत होता.

"नको मॅडम," ती परत येऊन म्हणाली. "त्याची शिंगं बघितली. ते तर समोरून येणार."

मॅडम खूप हसल्या. संघरत्नाने मक्याची टोपली उचलली, फळी घेतली, आणि घामेजलेला हात पदराला पुसून साळिंदरांच्या पिंजऱ्याची कडी काढली.